धूर काय सांगतो?

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला, की कोकण किनाऱ्यावरील नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पावसाळ्यात तळ घासून, रंगवून सिद्ध केलेली नौका प्रथम झपाट्याने चालते आणि तिचे इंजिनही स्वच्छ श्वास टाकते. पौष महिना उजाडतो आणि तेच इंजिन काळा धूर ओकू लागते. तांडेलाचा पहिला संशय इंजिनावर जातो. मिस्त्री येतो, इंजेक्टर उतरवितो, प्रसंगी सारे इंजिन उघडतो. हंगामाची कमाई सुट्या भागांत खर्ची पडते आणि धूर पुष्कळदा होता तसाच राहतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे यशस्वी केलेल्या या यंत्रात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. एक किलो डिझेल पुरते जाळावयास किमान सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडले, हवा कमी पडली वा इंधन अधिक झाले, म्हणजे काजळी धरते. काळा धूर तो हाच.

मालमोटारीवरील ओझे डोळ्यांना दिसते. नौकेचे ओझे पाण्याखाली दडलेले असते. तळाला शिंपले व शेवाळ चिकटले, पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला, किंवा मुळात पंखाच इंजिनाच्या ताकदीबाहेरचा बसविला, तर वेग टिकविण्यासाठी वेगनियामक अधिकाधिक इंधन सोडीत राहतो. इंजिन बिचारे निर्दोष असते! पंखा सुटा असताना ते स्वच्छ चालते आणि पंखा जोडून भर वेगाने निघताच पूर्ण फेरे न घेता काळवंडते, तर आधी तळ पाहावा. दुसरी परीक्षा फुकटची आहे: इंजिनाच्या खणाचे झाकण उघडे ठेवून पाहावे. धूर उणावला, तर इंजिन हवेविना गुदमरत होते.

पांढरा धूर अधिक फसवा. ज्या नौकांत धुराच्या नळीत समुद्राचे पाणी सोडून ती थंड राखतात, तेथे गार पहाटे निघते ती निव्वळ वाफ. ती लगेच विरते. न जळलेल्या डिझेलचा धूर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो आणि पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग सोडतो. थंड इंजिनाने आरंभी तो थोडा सोडला तर चिंता नाही. तापल्यावरही थांबला नाही, तर इंजेक्टर, इंधन सोडण्याची वेळ किंवा कमी पडणारा दाब यांकडे वळावे. अशा नौकेत इंजिन पेटत नाही म्हणून स्टार्टर दाबून धरणे मात्र घातक. धुराचा झोत नसल्याने नळीतले पाणी बाहेर फेकले जात नाही. ते साचत जाऊन उलट सिलिंडरमध्ये शिरू शकते.

उरला निळा. तो जळणाऱ्या वंगणाचा. वंगण खुणेच्या वर भरले गेले काय, एवढे आधी पाहावे. तसे नसेल, तर दट्ट्याच्या कड्या वा झडपांच्या वाटा झिजल्या असण्याचा संभव मोठा. इंजिन उघडण्यासाठी मिस्त्रीला बोलवावयाचे ते तेव्हा.