आपला माणूस आणि आपला खजिना

(बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे बिहारचे माजी मुख्यमंत्री श्री. लालूप्रसाद यादव यांच्या उदयाची व अधःपाताची हकीकत मांडणार आहे. हा विषय आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. मागासलेल्या वर्गातून वर आलेल्या पुढाऱ्याचे दोष आपणच का उगाळावेत, असे ते विचारतील. तो प्रश्न मी टाळणार नाही. पण उत्तर देण्यापूर्वी आपण सर्व हकीकत ऐकून घ्यावी. वकिली रिवाजाप्रमाणे त्या गृहस्थांच्या बाजूने जे सांगता येईल ते आधी सांगतो.

लालूप्रसादांचा जन्म १९४८ साली गोपालगंज जिल्ह्यातील फुलवरिया या खेड्यात एका गरीब गवळी कुटुंबात झाला. त्यांचे वडील बंधू पाटण्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिपाई होते. त्यांच्या आश्रयाने लालूप्रसाद शिकले, विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले, आणि काही काळ त्याच महाविद्यालयात त्यांनी कारकुनीही केली. १९७४ च्या जयप्रकाशांच्या आंदोलनातून ते पुढे आले. १९७७ साली छपरा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. १० मार्च १९९० रोजी ते मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री झाल्यावरही काही महिने ते भावाच्या शिपायाच्या क्वार्टरातच राहिले.

बिहारच्या खेड्यात जमीनदारासमोर खाटेवर बसण्याची ज्यांची छाती होत नव्हती, त्या माणसांना या मुख्यमंत्र्याने ताठ मानेने उभे राहण्याचे बळ दिले. मंडल आयोगाच्या शिफारशींवरून देशात वादळ उठले असता ते डगमगले नाहीत. ऑक्टोबर १९९० मध्ये श्री. लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा त्यांनी समस्तीपूर येथे अडविली व अडवाणींना अटक करविली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चरवाहा विद्यालये उघडली. ही कामगिरी खोटी नाही. ज्यांना आयुष्यात कोणी ‘अहो’ म्हटले नव्हते, त्यांना मान मिळाला, आणि मानाची किंमत काय असते हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही.

खजिन्याला लागलेली वाळवी

आता दुसरी बाजू पाहू. बिहारचे पशुसंवर्धन खाते गुरांसाठी वैरण, औषधे व सामग्री खरेदी करीत असे. पुरवठादार बिल देई, खात्याचा अधिकारी ते मंजूर करी आणि कोषागारातून पैसा मिळे. लबाडी अशी की वैरण आलीच नाही, औषधे आलीच नाहीत, फक्त बिले आली. अधिकारी आणि पुरवठादार यांनी मिळून पैसा वाटून घेतला. ज्या मालमोटारींतून माल आल्याचे दाखविले होते, त्यांचे क्रमांक हिशेबतपासनिसांनी ताडून पाहिले, तेव्हा त्यांतील कित्येक क्रमांक स्कूटरांचे निघाले. स्कूटरवरून टनावारी वैरण वाहिल्याचा हा हिशेब सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे निर्वेध राहिला. विधिमंडळाने मंजूर केलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च हे खाते करीत होते, तरीही कोणी हात धरला नाही.

हा रोग लालूप्रसादांच्या आधीपासून होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु मुख्यमंत्री झाल्यावर अर्थखातेही त्यांच्याकडेच होते. ज्याच्या हाती खजिन्याची किल्ली, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही.

जानेवारी १९९६ मध्ये पश्चिम सिंहभूमचे तरुण जिल्हाधिकारी श्री. अमित खरे यांनी चाईबासा येथे पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयावर व पुरवठादारांवर छापे घातले, आणि वारूळ फुटले. मार्च १९९६ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपविला. एकूण अपहाराचा आकडा सुमारे ९५० कोटी रुपये सांगितला जातो. हे चाईबासा कोठे आहे? ते हो आदिवासींच्या मुलुखात आहे. ज्याच्या गोठ्यात एखादी गाय किंवा दोन शेळ्या आहेत, त्याच्या जनावराच्या तोंडचा घास तेथे पळविला गेला. चोरी ‘सरकारची’ झाली असे आपण सहज म्हणतो. सरकारचा खजिना म्हणजे गरिबाची एकुलती एक तिजोरी, कारण श्रीमंताजवळ स्वतःची असते.

पद, तुरुंग आणि निकाल

जून १९९७ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. लालूप्रसादांनी जुलैमध्ये राष्ट्रीय जनता दल हा स्वतःचा पक्ष काढला. २५ जुलै १९९७ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी त्यांच्या पत्नी श्रीमती राबडीदेवी मुख्यमंत्री झाल्या. ३० जुलै रोजी ते न्यायालयापुढे शरण गेले व तुरुंगात गेले. एका सामान्य घरातील स्त्री मुख्यमंत्री झाली याचा मला आनंदच वाटला असता. परंतु ती आपल्या कर्तृत्वाने नव्हे, पतीची खुर्ची राखण्यासाठी तेथे बसविली गेली. यात स्त्रीचा गौरव नाही आणि लोकशाहीचाही नाही.

पुढे २००४ ते २००९ या काळात ते केंद्रात रेल्वेमंत्री होते. खटले संथपणे चालूच राहिले. बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात २००६ साली ते निर्दोष सुटले, हेही मी नमूद करतो. परंतु ३० सप्टेंबर २०१३ रोजी रांचीच्या विशेष न्यायालयाने चाईबासा कोषागारातील ३७.७० कोटी रुपयांच्या प्रकरणात त्यांना दोषी ठरविले. ३ ऑक्टोबर रोजी पाच वर्षे सश्रम कारावास व २५ लाख रुपये दंड अशी शिक्षा झाली. त्यानंतर देवघर, पुन्हा चाईबासा, दुमका आणि अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये दोरंडा कोषागार अशा आणखी चार प्रकरणांत ते दोषी ठरले. दोरंड्याचा आकडा १३९.३५ कोटी रुपयांचा होता. या शिक्षांविरुद्ध त्यांनी अपिले केली व त्यांना जामीनही मिळाला. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे आपण ध्यानी ठेवावे.

२०१३ च्या शिक्षेने त्यांचे लोकसभेचे सदस्यत्व गेले. त्यापूर्वी दोषी ठरलेला आमदार किंवा खासदार तीन महिन्यांत अपील दाखल करून आपली जागा राखू शकत असे. सामान्य माणसाला नसलेली ही सवलत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ च्या पोटकलम ४ ने दिली होती. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात ते पोटकलम घटनाबाह्य ठरविले. तत्कालीन सरकारने अध्यादेश काढून ती सवलत वाचविण्याची खटपट केली, पण लोकमताच्या रेट्यापुढे अध्यादेश मागे घ्यावा लागला.

मूळ प्रश्नाचे उत्तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. काही जण म्हणतात, वरच्या जातीचे चोर मोकळे सुटतात आणि आपला माणूस तेवढा सापडतो. या तक्रारीत अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. याच घोटाळ्यात बिहारचे ब्राह्मण मुख्यमंत्री श्री. जगन्नाथ मिश्र यांनाही २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. तथापि देवघर व दुमका प्रकरणांत ते सुटले आणि लालूप्रसाद दोषी ठरले. त्यावरून पुष्कळांच्या मनात किंतु राहिला. पण वकील म्हणून मी विचारतो, यावर उपाय काय? दुसरा चोर सुटला म्हणून पहिल्यालाही सोडावे, की दुसऱ्यालाही पकडावे? समतेचा अर्थ चोरीचा समान हक्क असा कोणी करीत असेल, तर त्याला समता समजलीच नाही.

शिक्षा झाल्यावरही लोकांनी त्यांना टाकले नाही. २०१५ साली त्यांचा पक्ष ८० जागा मिळवून बिहार विधानसभेत सर्वांत मोठा ठरला. त्या मतदारांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्याने मान दिला त्याचे उपकार ते फेडीत होते. परंतु येथेच धोका आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी याचाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल. राजकारणात ती अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कृतज्ञतेलाही मर्यादा असते हे त्यांनी बजावले. मान हा आपला हक्क आहे. हक्क मिळवून देणाऱ्याचे आभार मानावेत, पण त्याच्या हवाली तिजोरी करू नये.

आणखी एक गोष्ट. वरच्या वर्गातील मनुष्य चोरी करतो तेव्हा दोष त्या एकट्याचा मानला जातो. आपल्यातील मनुष्य चोरी करतो तेव्हा दोष साऱ्या समाजाच्या माथी मारला जातो. हा अन्याय आहे, परंतु तो आहे हे ओळखून आपल्या पुढाऱ्याने दुप्पट सावध राहिले पाहिजे. जो तसा राहत नाही, तो केवळ पैसा चोरीत नाही. त्याच्यामागून येणाऱ्या शंभर प्रामाणिक मुलांची पत चोरतो.

तेव्हा घरी गेल्यावर काय करावयाचे? मुलाची शिष्यवृत्ती मिळाली नाही तर ‘साहेबांची मर्जी’ म्हणून गप्प बसू नका. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा हाती घ्या आणि पैसा कोठे अडला ते लेखी विचारा. दहा रुपयांच्या अर्जाने कितीतरी स्कूटरवरच्या वैरणी उघड होतात. गावातील सरपंच आपला असेल तर त्याच्याकडे हिशेब अधिक प्रेमाने मागा, पण मागा. विहाराच्या वर्गणीचीही पावती घ्या व वर्षाअखेरीस जमाखर्च सर्वांपुढे वाचावयास लावा. आपल्या घरच्या चार आण्यांचा हिशेब मागण्याची ज्यांना सवय नाही, त्यांना राज्याच्या कोट्यवधींचा हिशेब मागता येणार नाही.

शिपायाच्या क्वार्टरातून मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचणे ही मोठी गोष्ट होय. तो रस्ता आपल्या मुलांसाठीही खुला राहिला पाहिजे. त्या रस्त्याच्या शेवटी तुरुंगाचे दार नसावे, याची काळजी मात्र त्यांनी आणि आपणही आजपासून घ्यावयाची आहे.

जय भीम.