एकांत

कडावच्या बाजारात तुम्ही कुणाला बाजूला बोलावता, ‘जरा एकांतात बोलायचे आहे’ म्हणता, तेव्हा तिथे माणसे दोन असतात. मग हा एकांत कसला?

शब्द संस्कृत: एक आणि अंत. अंत म्हणजे शेवट तर खराच, पण कड, बाजूही. एका कडेला असणे तो एकांत. एकटेच असावे, असे त्यात कुठे आहे? अरबीतला ‘खल्वत’ म्हणजेही एकांतच. तो फारसीतून मराठीत आला आणि झाला ‘खलबत’, गुप्त मसलत! (खलबत्त्याशी त्याचे नाते नाही, हे गुरुजींनी मुलांना जरूर सांगावे.)

आपल्याच कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. सुमारे २००० वर्षांपूर्वीची. तिथल्या विहारात भिक्षूंच्या खोल्या अगदी लहान, पण दारे उघडतात ती सगळ्यांच्या एकाच दालनात.

माझी आजी जेवणे झाली की ओटीच्या कडेला गप्प बसायची. तिला एकांत लागतो, असे आम्ही घरातले धरून चाललो होतो. एकदा मी सहज शेजारी जाऊन बसलो, तर कंदिलातले तेल संपेपर्यंत ती बोलत राहिली.