चित्रांतील माणसें

लहान मूल अक्षरें ओळखूं लागण्यापूर्वींच चित्रें वाचूं लागतें. चित्रांतली आई आपल्या आईसारखी आहे काय, चित्रांतलें घर आपल्या घरासारखें आहे काय, हें तें मनाशीं ताडून पाहतें. जें चित्रांत वारंवार दिसतें तेंच खरें जग, आणि जें कोठेंच दिसत नाहीं तें जगाला नकोसें, अशी समजूत त्याच्या मनांत नकळत घर करते. चित्रपुस्तकाच्या कर्त्याची जबाबदारी येथूनच सुरू होते.

अमेरिकेंतील बालवाङ्मयाचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. गार्थ विल्यम्स यांचें ‘द रॅबिट्स वेडिंग’ हें पुस्तक १९५८ सालीं निघालें. त्यांत एका काळ्या व एका पांढऱ्या सशाचें लग्न लागतें, एवढीच गोष्ट. परंतु पुढच्याच वर्षीं अलाबामा संस्थानांत तिच्यावर गहजब उडाला. तेथील सार्वजनिक ग्रंथालय-सेवेच्या संचालिका एमिली रीड यांनीं पुस्तक राखीव कपाटांत हलविलें, पण तें काढून टाकण्यास नकार दिला. वडील मंडळींना सशांच्या केसांतही वर्णसंकर दिसावा, यावरून त्या काळची धास्ती ध्यानांत येते.

नॅन्सी लॅरिक यांनीं १९६५ सालीं या स्थितीचा हिशेबच मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकीं अवघ्या ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेंकडा ६.७ पुस्तकांत, एखादें तरी कृष्णवर्णी माणूस आढळलें. अशा एकरंगी वाचनानें गोऱ्या मुलांचेंही नुकसानच होतें, असें त्यांनीं बजावलें.

याच काळांत, १९६२ सालीं, एझ्रा जॅक कीट्स यांचें ‘द स्नोई डे’ प्रसिद्ध झालें. कीट्स हे ब्रुकलिनमधील एका गरीब ज्यू कुटुंबांत जन्मलेले. ज्यूद्वेषाच्या जाचामुळें त्यांना कॅट्झ हें आपलें मूळ आडनांव टाकावें लागलें होतें. एका नियतकालिकांतून कापलेलीं कृष्णवर्णी बालकाचीं छायाचित्रें त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवलीं होतीं. त्यांतूनच पीटर जन्मास आला. तांबडा पोषाख घालून तो बर्फांत पावलें उमटवितो, बर्फाचा गोळा खिशांत घालून घरीं आणतो आणि तो वितळलेला पाहून खिन्न होतो. त्याच्या वर्णाविषयीं पुस्तकांत एक शब्द नाहीं. १९६३ सालीं या पुस्तकाला कॅल्डिकॉट पदक मिळालें. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनें २०२० सालीं आपल्या सव्वाशे वर्षांतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तींत ४,८५,५८३ वेळां घरीं नेलेलें हेंच पुस्तक पहिलें ठरलें.

तरीही या मौनावर टीका झाली. वर्णाचा उच्चारच न करणें म्हणजे भेद झांकणें नव्हे काय, असा प्रश्न निघाला. त्याचें उत्तर दुसऱ्या एका पुस्तकांत सांपडतें. हॉलंडांत जन्मलेल्या व महायुद्धांत नाझींच्या छावणींत राहिलेल्या पीटर स्पिअर यांनीं १९८० सालीं ‘पीपल’ हें पुस्तक काढलें. नाकें, डोळे, केस, घरें, खेळ, सण, भाषा यांतील नानापरी त्यांत पानोपानीं मांडलेल्या आहेत. सारींच माणसें एकसारखीं झालीं तर जग किती कंटाळवाणें होईल, हेंही त्यांनीं चित्रानेंच दाखविलें. माणसें निराळीं म्हणून छळलीं जातात हें ज्यानें पाहिलें, त्यानें निराळेपणाचा असा गौरव करावा, यांत मोठा अर्थ आहे.

हीं दोन पुस्तकें एकमेकांस पूरक आहेत. एक सांगतें कीं, वितळलेल्या बर्फाचें दुःख सर्वांचें सारखेंच. दुसरें सांगतें कीं, नाकांचे आकार मात्र सारखे नाहींत, आणि तें बरेंच आहे. महाराष्ट्रांतही बाळ गोरें कीं सांवळें याची चर्चा बारशाच्याही आधीं होते, आणि पाळण्यांतलें मूल ती ऐकतच वाढतें. पुढें तेंच मूल एखाद्या अनोळखी माणसाकडे बोट दाखवून ‘हा असा कां?’ म्हणून विचारतें, तेव्हां त्याला दटावून गप्प करणें सोपें असतें. पण दटावल्यानें त्याचा प्रश्न मिटत नाहीं. विचारण्याची लाज तेवढी उरते. त्यापेक्षां वडिलांनीं त्याला जवळ घ्यावें, असें एखादें पुस्तक उघडावें, आणि त्याच्या प्रश्नाला सावकाश, खरें उत्तर द्यावें.