हात आखूड पडतात

मराठी भाषेने वयाचे चाळिसावे वर्ष आणि नाकावरचा चष्मा या दोहोंना एकच नाव दिले आहे. केस पिकणे, दात हलणे, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरच्या फळ्याकडे उगाच पाहत राहणे, यांपैकी कशालाही तिने ठरावीक साल लावलेले नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने म्हातारे व्हावे. डोळ्याला मात्र तिने जन्मतारखेशी करकचून बांधून टाकले आहे. चाळिशी लागली असे एकदा कबूल केले, की वय लपविण्याची सोय उरत नाही.

नोकरीच्या बदल्यांमुळे देशभर विखुरलेल्या मराठी माणसाने दुसऱ्या भाषांत आसरा शोधावा, तर तेथेही फारशी दया नाही. बंगालीत या अवस्थेला 'चालशे' म्हणतात, कानडीत 'चाळीसु', तेलुगूत 'चत्वारम्'. आकडा सर्वत्र तोच. गुजराती भाषा व्यवहारी असल्यामुळे तिने घासाघीस करून दोन वर्षांची सूट मिळविली आणि 'बेताळां' हा बेचाळिसाचा शब्द पदरात पाडून घेतला. खरा दिलासा मिळतो तो दक्षिणेत. तमिळ आणि मलयाळम या भाषांत या व्याधीचे नाव 'वेळ्ळेळुत्तु', म्हणजे पांढरे अक्षर, असे आहे. डोळ्यात काही बिघडलेले नाही. अक्षरच पांढरे पडले आहे! चाळिशीतल्या कोणत्याही स्वाभिमानी गृहस्थाला हीच उपपत्ती मनोमन पटलेली असते.

वैद्यकशास्त्राला ती पटत नाही. डोळ्यातील भिंग लवचिक असते तोवर जवळची वस्तू पाहताना ते फुगते आणि दूरची पाहताना सपाट होते. वयाबरोबर हे भिंग टणक होत जाते, आणि हा टणकपणा चाळिशीत एकाएकी येत नाही; तो बालपणापासून मुकाट्याने वाढत असतो. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सुमारे ७ सेंटिमीटरवर धरलेले अक्षर स्पष्ट दिसते. विसाव्या वर्षी हे अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास जाते, चाळिसाव्या वर्षी २२, पन्नासाव्या वर्षी ४०, आणि साठीत ते जवळजवळ मीटरभर होते. आता मीटरभर लांबीचा हात परमेश्वराने सहसा कोणाला दिलेला नाही. म्हणून डोळे अधू झाले असे मान्य करण्याऐवजी हात आखूड पडू लागले, असे समजणेच गृहस्थाला अधिक सोयीचे वाटते.

या समजुतीवर दोन-तीन वर्षे सहज निघतात. कचेरीत तर ती अंगाला शोभूनही दिसते. फाइल हातभर दूर धरून, मान किंचित मागे टाकून, भुवया उंचावून वाचणारा अधिकारी मोठा विचारी भासतो. मजकुराशी तो सहमत नाही अशी हाताखालच्या लोकांची समजूत होते आणि कित्येक प्रस्ताव एवढ्याच कारणाने दुरुस्तीसाठी परत जातात. घरी मात्र ही ऐट चालत नाही. घरात प्रथम विजेचे दिवे मंद ठरतात, नंतर वर्तमानपत्राची शाई फिकी ठरते, नंतर लग्नपत्रिका छापणाऱ्याची अक्कल निघते; आणि सुईत दोरा ओवण्याच्या प्रसंगी सुईचे नेढेच बुजलेले निघते.

त्यातून गृहिणी लहानपणापासून चष्मा लावणारी असली, तर अपमान पूर्ण होतो. शाळेत जिला सगळ्यांनी 'ढापणी' म्हणून चिडविले, तिचा दिवस आता उगवलेला असतो. जवळचे स्पष्ट आणि दूरचे अंधुक दिसणाऱ्या अशा डोळ्यांना पन्नाशीतही चष्मा काढला की बारीक अक्षर वाचता येते. पतिराज बिस्किटाचा पुडा खिडकीपाशी नेऊन उन्हात तिरपा धरीत असताना ती शांतपणे आपला चष्मा कपाळावर सरकविते, पुडा हातातून घेते, आणि मुदत गेल्या महिन्यातच संपल्याचे वाचून दाखविते. निसर्गाने काही न्याय राखून ठेवलेले असतात. ते वसूल व्हायला चाळीस वर्षे लागतात एवढेच.

अखेर चष्मा येतो. तो येतो त्या दिवसापासून हरवू लागतो. पण त्याविषयी इतक्या जणांनी इतके सांगून ठेवले आहे, की त्याला येथे तसाच हरवलेला ठेवणे बरे. ज्यांना दूरचा आणि जवळचा असे दोन चष्मे लागतात, त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याचे स्मरण करावे. दोन भिंगे अर्धी-अर्धी कापून एकाच चौकटीत बसविलेला आपला चष्मा कसा आहे, हे त्याने १७८५ साली एका मित्राला कळविले होते. त्याच्या लाभाचे जे उदाहरण त्याने दिले, ते राजकारणातले नव्हते, पंगतीतले होते. फ्रान्समध्ये जेवताना खालच्या अर्ध्या भागातून ताटातले पदार्थ दिसत आणि वरच्या अर्ध्या भागातून समोर बोलणाऱ्याचा चेहरा दिसे. चेहरा दिसला, की त्याची फ्रेंच भाषाही अधिक समजे. डोळ्यांचा आणि कानांचा हा संबंध आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना न सांगताही ठाऊक आहे. 'थांब, चष्मा लावू दे, तू काय म्हणतोस ते ऐकू येत नाही,' असे ते म्हणतात तेव्हा नातवंडे उगीच हसतात.

परंतु चष्मा लावूनही बाजारात जावे, तर अक्षर पांढरेच! येथे मात्र तमिळ भाषेची बाजू वैद्यकशास्त्रापेक्षा बळकट होते. पूर्वी वाणी जिरे, हिंग, साखर वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देत असे. पुडीवर किंमत नव्हती, वजन नव्हते, तारीख नव्हती; जे काय खरेखोटे असेल ते वाणी तोंडाने सांगे, आणि गिऱ्हाइकाला तराजूचा काटा दुरूनही दिसे. शिवाय पुडी सोडल्यावर जुनी का होईना, बातमी वाचता येई. पुढे बंद पुडे आले, आणि पुड्यावर काय लिहिलेच पाहिजे यासंबंधी १९७७ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांची जागा २०११ च्या नियमांनी घेतली. दरम्यान १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. मालाचे गुण, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे त्या कायद्याने म्हटले, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यानेही तो हक्क राखला आहे. ही सगळी योजना चांगली आहे. तिची थट्टा करणे कृतघ्नपणाचे होईल. उत्पादकाला खरे बोलणे भाग पडले आहे. फक्त ते मोठ्याने बोलण्याचे बंधन त्याच्यावर बेताचेच आहे.

नियमाप्रमाणे लहान पुड्यावरच्या अक्षराची उंची निदान १ मिलिमीटर असली पाहिजे. अक्षराची रुंदी त्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून कमी असता कामा नये; मात्र एकचा आकडा आणि इंग्रजीतील काही अंगानेच सडपातळ अक्षरे यांना त्यातून सूट आहे. ज्या कोणी एवढा बारीक विचार केला, त्याला दाद दिली पाहिजे. मात्र असे मसुदे वरिष्ठांच्या टेबलावर येतात ते दोन ओळींत भरपूर अंतर सोडून, ठसठशीत टंकात. एक मिलिमीटर म्हणजे किती, हे त्या कागदावर कोठेच दिसत नसते.

कायद्याने सोडलेली जागा व्यापारी कलेने भरून काढली आहे. 'मोफत' हा शब्द बोटभर उंचीचा असतो आणि तो रस्त्याच्या पलीकडून, साठीच्या डोळ्यांनाही, चष्म्यावाचून वाचता येतो. काय मोफत आणि कशावर, हे त्याच्या पायाशी मुंग्यांच्या रांगेत लिहिलेले असते. किंमत आणि तारीख यांसाठी पुड्याची नेमकी ती बाजू निवडलेली असते, की जेथे कागदाला चुण्या पडतात. कित्येक ठिकाणी तर 'तारीख बुडाशी पाहा' एवढीच सूचना असते. आता मधाची बाटली उलटी करून तिचे बूड उजेडाकडे धरावयाचे, तेही झाकण नीट लागले आहे की नाही हे ठाऊक नसताना, याला केवळ दृष्टी पुरत नाही, धैर्य लागते. तरुण पिढीला हे काहीच वाटत नाही. ती खिशातला फोन काढून पुड्याचे छायाचित्र घेते आणि दोन बोटांनी ते ताणून मोठे करते. वडील मंडळींनीही ही युक्ती उचलली आहे. फक्त दुकानदाराच्या डोळ्यांदेखत चटणीच्या बाटलीचे छायाचित्र काढताना त्यांना अजून थोडे ओशाळल्यासारखे होते.

चटणी आणि बिस्किटे येथवर हे सारे हसण्यावारी नेता येते. औषधाच्या दुकानापाशी हसणे थांबते. गोळ्यांच्या पट्टीला चकाकता रुपेरी कागद असतो; त्यावर दिवा पडला की नाव वितळून जाते, आणि मुदतीची तारीख एका टोकाला छापलेली किंवा नुसती दाबून उमटविलेली असते. दहांपैकी सहा गोळ्या हव्या असल्या, तर दुकानदार कात्री लावतो. तारखेचे टोक ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान. रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहाची गोळी यांच्या पट्ट्या रंगारूपाने सख्ख्या बहिणी असाव्यात, हाही नित्याचा अनुभव आहे.

ज्या घरांतली मुले दूरच्या शहरांत किंवा परदेशी आहेत, अशी घरे आता गावोगाव आहेत. तेथे दोन वृद्ध माणसे जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन बसतात. एका पट्टीला रबराचा छल्ला गुंडाळलेला असतो, ती सकाळची. दुसरीचा कोपरा दुमडलेला असतो, ती रात्रीची. नवी पट्टी आणली, की शेजारची सहावी-सातवीतली मुलगी संध्याकाळी येऊन ती वाचून देते, हातातल्या हातात, सात-आठ सेंटिमीटरवर धरून, दिवा न लावता. आजी तिच्या हातावर लाडू ठेवते. मुलीची परीक्षा सुरू झाली, की तिला बोलावणे बरे दिसत नाही. मग ते आठ-दहा दिवस आजोबा गोळ्या रंगावरून ओळखतात. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. या खेपेला औषधवाल्याने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले असेल, तर दोन्ही गोळ्या पांढऱ्या निघतात, आणि आजोबा पट्टी हातभर दूर धरून खिडकीपाशी उभे राहतात.