घसारा, न्यूट्रॉन आणि जनतेचा हिस्सा
(सांगली येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)



गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याची यंत्रे उघडतात व झिजलेले भाग बदलतात, हे सातारा-सांगलीच्या सभासदाला सांगावे लागत नाही. घसाऱ्याची तरतूद न करणारा कारखाना कधी ना कधी सभासदांच्या हातून जातो. ट्रॉम्बे येथील संशोधन अणुभट्ट्यांनाही हाच हिशेब लागू आहे, कारण त्याही जनतेच्याच पैशातून उभ्या राहिल्या आहेत.

या भट्ट्या वीज निर्माण करण्यासाठी नाहीत; त्यांचे पीक न्यूट्रॉनचे. हायड्रोजनसारखा हलका अणू क्ष-किरणांना जवळजवळ दिसत नाही, न्यूट्रॉनला तो दिसतो. न्यूट्रॉनच्याच साहाय्याने थायरॉईडच्या कर्करोगावरील आयोडिन-१३१ तयार होते. ते दर आठ दिवसांनी निम्मे उरते. जे साठवता येत नाही, त्याच्या पुरवठ्यासाठी भट्टी चालू राहणे हाच उपाय.

आता दोन उदाहरणे पाहावीत. १९५६ ची 'अप्सरा' २००९ मध्ये थांबली आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी तिच्याच जागी 'अप्सरा-यू' सुरू झाली. क्षमता एक मेगावॉटवरून दोन झाली आणि अतिसमृद्ध युरेनियमऐवजी कमी समृद्ध स्वदेशी इंधन आले. 'सायरस'ची कथा निराळी. १९६० ची ही भट्टी १९९७ मध्ये नूतनीकरणासाठी थांबली, २००२ मध्ये पुन्हा चालू झाली आणि भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी दिलेल्या वचनानुसार ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. १९७४ च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम तिथलेच. तिच्या बंद होण्याने शांततावाद्याला समाधान वाटले तर नवल नाही. परंतु जनतेच्या खर्चाने नवे केलेले यंत्र आठ वर्षांत थांबले, ते झिजेने नव्हे, राजनीतीने. आणि त्याबरोबर संशोधकांचे न्यूट्रॉनही गेले.

आज मुख्य भार १९८५ मधील शंभर मेगावॉटच्या 'ध्रुव'वर आहे. तिचेही वय आता सुमारे चाळीस वर्षांचे. फ्रान्समधील 'ओर्फे' व बर्लिनमधील संशोधन भट्टी २०१९ मध्ये बंद झाल्या. न्यूट्रॉन जगातच दुर्मीळ होत असताना 'ध्रुव'चा घसारा नजरेआड करणे ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे.

तथापि सार्वजनिक मालकी पुरेशी नाही, वापरही सार्वजनिक हवा. कोयना धरणासाठी साताऱ्यातील गावे उठली आणि वीज सह्याद्री उतरून उद्योगांकडे गेली. विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेमार्फत विद्यापीठीय संशोधकांना 'ध्रुव'वर प्रयोग करता येतात, ही वाट मोलाची आहे. कर्मवीरांनी १९१९ मध्ये 'रयत'चे बीज पेरले, ते शेतकऱ्याच्या मुलाला ज्ञानाच्या दारी नेण्यासाठीच. त्या मुलाच्या पायाखाली ही वाट पडली पाहिजे.

म्हणून नूतनीकरणाच्या प्रत्येक रुपयाला पाठिंबा देताना कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: विद्यापीठांना किती तास मिळणार? जिल्ह्यातील रुग्णाला औषध कोणत्या दराने मिळणार? भट्टीत राबणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेचा हिशेब जनतेपुढे केव्हा येणार? नूतनीकरण यंत्राचे होते. त्यावरील जनतेचा हक्क मात्र जागृत जनतेलाच टिकवावा लागतो.