आधी 'ण' म्हणा

चौसाळ्याहून बोलतोय. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं आमचं गाव. आजचा विषय जरा खाजवणारा आहे. वाद सुरू होतो धर्मावर, आणि मधेच व्याकरण कुठून टपकतं?

आमच्या भागात धर्मावर बोलायला माणसांची कमी नाही. एकीकडे अखंड हरिनाम सप्ताह, दुसरीकडे मन्मथस्वामींच्या कपिलधारला जाणारी मंडळी, बौद्ध वस्ती, मशीद. इतकं सगळं जवळजवळ नांदतं म्हटल्यावर वाद होणारच, आणि व्हावेतही. वादाचं मला काही वाटत नाही. तो ज्या ठिकाणी मोडतो, त्या जागेचं वाटतं.

मागं एकदा पारावर एका पोरानं विचारलं, "पानी सगळ्यांचं एकच, तर वेगळा पानवठा कोणत्या ग्रंथानं सांगितला?" प्रश्न सरळ होता. समोरचे गृहस्थ वाचलेले, चार श्लोक तोंडपाठ असलेले. ते म्हणाले, "आधी 'पाणी' म्हणायला शीक, मग ग्रंथावर बोल." लोक हसले. पोरगं गप्प झालं. वाद संपला, म्हणजे संपल्यासारखा दिसला. आता त्या वाक्यात 'न' असो की 'ण', प्रश्नाचा एक दाणा तरी हलला का?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. लिहिणं शुद्ध असतं, पाणीही शुद्ध असतं, आणि एकेकाळी माणूसही शुद्ध किंवा अशुद्ध ठरायचा. तिन्हीला शब्द एकच. त्यामुळं धर्माच्या वादात कुणी "तुमची भाषा अशुद्ध" म्हटलं, की ऐकणाऱ्याला फक्त भाषेचं ऐकू येत नाही. त्याला जे ऐकू यायचं ते बरोब्बर ऐकू येतं.

हे आजचं नाही. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' 1873 साली आलं. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. दशावताराच्या कथा म्हणजे जिंकणाऱ्यांनी रचलेला इतिहास आहे, बळीराजा हा आमचा राजा होता, अशी मांडणी त्या पुस्तकात आहे. केवढा मोठा दावा! पुढच्याच वर्षी, 1874 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि तिच्यात फुल्यांचा समाचार घेतला. मराठी गद्य कसं लिहावं हे त्या माणसाकडून शिकावं, यात मला शंका नाही. पण त्या समाचारात फुल्यांच्या व्याकरणाची, शब्दांची, लिहिण्याच्या ढंगाची टवाळी किती! ज्याला धड भाषा येत नाही तो धर्म काय सांगणार, असा एकूण सूर. आणि हा सूर चालला, कारण वाचणारा वर्ग तेव्हा ज्यांची भाषा 'शुद्ध' मानली जायची त्यांचाच होता.

आता दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर मी लबाड ठरेन. फुलेही शब्दांवरच खेळले होते. 'महार' म्हणजे 'महाअरी', मोठा शत्रू. खंडोबा म्हणजे खंडांचा राजा. भाषाशास्त्राच्या काट्यावर या व्युत्पत्त्या टिकत नाहीत, आणि तिथं फुल्यांना अडवायचा कुणालाही हक्क होता. कारण तिथं शब्द हाच पुरावा म्हणून पुढं केला होता. पुरावा तपासणं वेगळं, साक्षीदाराच्या बोलीला हसणं वेगळं. चिपळूणकरांनी दोन्ही एकाच पिशवीत भरलं, हे माझं दुखणं.

आणि व्याकरणकार म्हणजे कर्मठच असंही नाही बरं का. ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, त्या दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं. तेच दादोबा 1844 साली सुरतेत मानवधर्मसभेत होते आणि पुढं मुंबईत परमहंस सभेत, जिथं जात मोडायची तयारी असेल तरच प्रवेश. विभक्ती जाणणारा माणूस जात मोडायला बसला होता!

दोन हजार वर्षांमागची एक गोष्ट सांगतो, पतंजलीच्या महाभाष्यातली. एक वैयाकरणी रथाजवळ येतो आणि विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी म्हणतो, मी 'प्राजिता'. वैयाकरणी म्हणतो, हा अपशब्द आहे. सारथी शांतपणे सांगतो, महाराज, तुम्हाला नियमानं काय होतं ते ठाऊक आहे, लोकांत काय चालतं ते ठाऊक नाही. वैयाकरणी चिडून सारथ्याला शिवी देतो, तर सारथी ती शिवीसुद्धा दुरुस्त करतो. म्हणतो, 'सूत' शब्द तुम्ही समजता त्या धातूपासून झालेला नाही, शिवीच द्यायची तर निदान बरोबर द्या! बोलण्यात तो वैयाकरण्याला 'देवानांप्रिय' म्हणतो. ही अशोकाची पदवी. पण पुढच्या व्याकरणग्रंथांत तिचा अर्थ झाला 'मूर्ख'. बौद्ध राजाच्या पदवीचं हे असं का झालं, हे ज्यानं त्यानं ओळखावं. मला त्यात धर्माच्या भांडणाचा वास येतो.

पण म्हणून अक्षर कधीच महत्त्वाचं नाही, असं मी म्हणणार नाही. वेदांच्या परंपरेत त्वष्ट्याची गोष्ट आहे. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्यानं यज्ञ केला, पण 'इंद्रशत्रू' म्हणताना स्वर चुकला. अर्थ उलटा झाला, 'इंद्र ज्याला मारणार तो', आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. पाठशाळेत गुरुजी एका स्वरासाठी दहादा म्हणायला लावतात ते यामुळं. त्यांची श्रद्धाच त्या उच्चारात आहे. त्याला मी खोड काढणं म्हणत नाही. पण पारावरचं पोरगं मंत्र म्हणत नव्हतं.

शिवाय शुद्ध म्हणजे कुणाचं शुद्ध? 1962 साली सरकारनं मान्य केलेल्या नियमांप्रमाणं 'गुरू' दीर्घ लिहायचा. कित्येक मठांत आणि संप्रदायांत आजही 'गुरु' ऱ्हस्व लिहितात, कारण संस्कृतात तसं आहे. त्यांना कुणी म्हणत नाही की आधी रू दीर्घ करा, मग उपदेश करा. जयंतीच्या बॅनरवर 'बुद्ध'ऐवजी 'बुध्द' छापलं, की मात्र चहाच्या टपरीवर आठवडाभर विषय पुरतो. सप्ताहाच्या बॅनरवर 'शुध्द' आणि 'सिध्द' असतं ते कुणाला दिसत नाही! चूक तीच, बहुतेक छापणाराही तोच. मला विचाराल तर छापायच्या आधी त्याच्या दुकानात जाऊन 'द'ला 'ध' जोडून घ्यावा, हार घातल्यावर नाही.

अजून एक लक्षात घ्या. आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत, शाळेची भाषाही बहुतेक उर्दूच. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कितीकांनी मराठी ऐकली ती कीर्तनात आणि शेतात, वहीत नाही. त्यांच्या तोंडचं 'पानी' आणि 'लोनी' तिथून आमच्याकडं आलं. ओवी मात्र त्यांना पाठ होती, आणि अर्थही पक्का होता.

बरं, पुढच्या भागात कपिलधारला जाऊ. मन्मथस्वामींनी मराठीत लिहिलेलं 'परमरहस्य', आणि वीरशैव म्हणायचं की लिंगायत, हा वाद. तिथं एका शब्दावरच सगळं अडलंय, आणि दोन्ही बाजूंना तो शब्द सोडवत नाही. तुमच्या घरात यावर काय बोललं जातं ते आधी कळवा. कसंही लिहा, वाचेन. राम राम.