गाडीत पाणी शिरलं तर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीत झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. आज ओली गाडी. विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण मागच्या रांगेत ज्यांच्या गाड्या २०२३ साली आपल्या बेसमेंटमध्ये उभ्या होत्या ते बसले आहेत. त्यातलं कोणी हसलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, पुरणपोळीने जड झालेले आपण सगळे झोपलो, आणि मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला, नागनदी पात्र सोडून बाहेर आली. सीताबर्डी, धरमपेठ, शंकरनगर, आपलं रामदासपेठ, सगळीकडे पाणी. माणसं गेली, हजारो घरांत चिखल भरला. त्याच्यापुढे गाडी म्हणजे काय, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या एका विंगमधल्या ताईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागे. त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे चैन नव्हती. पूर का आला, कोणामुळे आला, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, तो विषय आज नको. आज फक्त एवढंच, की गाडीत पाणी गेलं तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं.

पहिली गोष्ट, चाबी लावायची नाही. त्या पहाटे आपल्या मेकॅनिकने फोनवर एकच वाक्य तीनदा सांगितलं, "काका, चाबी लावू नका बरं, कोणालाच लावू देऊ नका." कारण साधं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि आतला दांडा वाकतो. तोपर्यंत नुकसान कार्पेट आणि सीटचं असतं, चाबी फिरवली की ते इंजिनचं होतं. आणि इथे माझ्यातला बँकवाला बोलतो: साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण भिजलेलं इंजिन फिरवल्यामुळे झालेलं नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. जूनमध्ये छत्री काढतो तशी पॉलिसीही काढून वाचा.

बेसमेंटमध्ये उतरण्याआधी खालची वीज मेन स्विचवरून बंद करायची. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही. पाणी उपसायला जनरेटर आणला तर तो वर, मोकळ्यावर ठेवायचा. बंद तळघरात त्याचा धूर माणसाला झोपेतच घेऊन जातो. ज्यांच्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत त्यांनी भिजलेली गाडी चार्जिंगला लावायची नाही, नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, आणि गाडी उचलून आणली की इमारतीपासून लांब उभी करायची.

मग फोटो. पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते दिसलं पाहिजे, नंबर प्लेट दिसली पाहिजे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं आणि तक्रार नंबर लिहून घ्यायचा. इथे एक पेच येतो. सर्व्हेअर म्हणतो, मी येईपर्यंत काही उघडू नका. आणि शहरभर पूर असताना तो चौथ्या दिवशी येतो. तोवर गाडीत बुरशी. पण पॉलिसीतच अट असते, की नुकसान वाढू नये म्हणून मालकाने वाजवी काळजी घ्यावी. म्हणून ईमेल करायचा: "सोबत व्हिडिओ आहे. पाणी टिपून घेत आहे आणि कार्पेट उचलून वाळवत आहे. कोणताही भाग फेकणार नाही." लेखी. माझ्या अख्ख्या नोकरीत तोंडी बोलण्याने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात, आणि गाडीवर कर्ज असेल तर ते पैसे आधी बँकेकडे जातात. त्यावर माझ्याकडे रागाने पाहू नका, मी आता निवृत्त आहे.

आता मुख्य गोष्ट. दिसतं ते पाणी त्रास देत नाही, न दिसणारं देतं. गाडीच्या कार्पेटखाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर असतो. वरचं कार्पेट दोन दिवसांत हाताला कोरडं लागतं, आणि खालचा थर महिनाभर ओला राहतो. त्या वेळी आपल्याकडे सात गाड्यांत पाणी गेलं होतं. पाच गाड्यांचं कार्पेट त्याच दिवशी उचललं. सहावी थेट सर्व्हिस सेंटरला गेली. सातव्या गाडीचे मालक म्हणाले, वरून तर सुकलीच आहे. दसऱ्याला त्या गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि दार उघडल्यावर पूजेला आलेली नात मागे सरकली. आत कुबट वास, सीटखाली पांढरी-हिरवी बुरशी. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गाडीच्या काचा आपोआप वर-खाली व्हायला लागल्या. कार्पेटखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता.

उन्हात दारं उघडी टाकून गाडी का सुकत नाही, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. सवय जात नाही. छोट्या गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते. पस्तीस अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त चाळीस ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अख्ख्या गाडीत सव्वाशे ग्रॅमच्या आत. बाहेरची सप्टेंबरची हवा आधीच अर्धी भरलेली. म्हणजे गाडीतली हवा एकदा पूर्ण बदलली, आणि ती पूर्ण भरून बाहेर गेली असं धरलं, तरी फार तर साठ ग्रॅम पाणी गेलं. कार्पेटखाली दहा लिटर पाणी असेल, म्हणजे एक बादली, तर हवा दीड-पावणेदोनशे वेळा बदलावी लागेल. आणि काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली तर पाणी कुठेच जात नाही, काचेवर घाम येतो आणि रात्री तोच खाली टपकतो. म्हणून आधी पाणी पाणी म्हणूनच बाहेर काढायचं. वाफ नंतर.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. फूटमॅट बाहेर. बऱ्याच गाड्यांच्या तळाला रबरी बूच असतात, ते मेकॅनिककडून काढून घ्यायचे, उभं पाणी आपोआप जातं. पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर उत्तम. घरातला साधा लावायचा नाही, तो जळेल आणि शॉकही लागेल. नाहीतर जुनी सुती बेडशीट कार्पेटवर अंथरायची, त्यावर उभं राहायचं, पिळायचं, पुन्हा अंथरायची. आमच्या एका गाडीतून असं दीड बादली पाणी निघालं, आणि ती गाडी "फक्त थोडी ओली" होती. मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेट वर उचलायचं आणि खाली विटेचे तुकडे किंवा लाकडी ठोकळे सरकवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागतो. सीट पूर्ण काढायची असेल तर मेकॅनिकला बोलवा. सीटखाली पिवळे प्लग असतात, ते एअरबॅगचे. त्यांना आपण हात लावायचा नाही.

आणि आता आपल्या नागपूरकरांचं ब्रह्मास्त्र. कूलर! सप्टेंबरमध्ये तो बाल्कनीत रिकामाच असतो. बाजूचं गवत काढा, पाणी भरू नका, पंप बंद ठेवा आणि नुसता पंखा गाडीच्या एका दाराशी लावा. समोरचं दार उघडं. एवढा वारा कुठल्याही टेबलफॅनने मिळत नाही. अर्थात हे वरच्या कोरड्या पार्किंगमध्ये, आणि वायर पाण्यातून नेऊ नका. पाऊस चालू असेल, हवाच ओली असेल, तर नुसत्या वाऱ्याने काम हळू होतं. मेकॅनिकने इंजिन तपासून दिलं असेल तर मोकळ्यावर गाडी चालू करून तासभर एसी लावावा. एसी हवेतलं पाणी काढून खाली टाकतो, म्हणून तर गाडीखाली थेंब पडतात. ऑक्टोबरचं ऊन आलं की मात्र त्याला तोड नाही.

तीन जागा सगळे विसरतात. डिक्कीत स्टेपनीखालचा खड्डा. सीटबेल्ट: तो पूर्ण बाहेर ओढून साबणाच्या पाण्याने पुसा आणि चिमटा लावून बाहेरच वाळू द्या, ओला आत गेला की आतच कुजतो. आणि ग्लोव्ह बॉक्समधले कागद. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये असतील तर ती चिंता नाही.

पाणी कोणतं होतं हेही पाहायचं. काच उघडी राहून स्वच्छ पाऊस आत आला असेल तर वरचं सगळं पुरतं. पण नागनदीचं पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी. तशा पाण्यात भिजलेला फोम वाळवून उपयोग नाही, सर्व्हेअरने पाहिल्यावर तो बदलायचाच. सफाई करताना हातमोजे, मास्क. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांनी बुरशीच्या गाडीजवळ जायचं नाही. कापूर, डांबरगोळ्या, शोपीसचं परफ्यूम यांनी वास झाकला जातो, ओल तशीच राहते. सगळं वाळल्यानंतर खाण्याचा सोडा रात्रभर शिंपडून सकाळी झाडून काढला तर उरलेला वास जातो.

पूर रोज येत नाही. पण दर पावसाळ्यात कोणीतरी मला विचारतं, "काका, काचा बंद होत्या तरी पायाखाली पाणी कसं?" आपल्या आवारात कडुनिंब आहे, म्हणून. वायपरच्या खाली जाळीत पानं साचतात, तिथून पाणी जायची वाट बुजते आणि ते आत उतरतं. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांचं तेच. दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की दारातच पाणी डचमळतं. दार हलवून ऐका. आणि उन्हाळ्यात, पाऊस नसताना डाव्या पायाखाली ओलं झालं तर तो पाऊस नाही, एसीची नळी तुंबली आहे. मे संपताना एकदा पानं काढून एक तांब्या पाणी टाकून पाहायचं, एवढंच काम.

ताईंची गाडी पाचव्या दिवशी चालू झाली. मधल्या दोन्ही फेऱ्यांना दुसऱ्या विंगमधल्या पोट्ट्यांनी त्यांना आळीपाळीने नेलं. कूलर तीन घरांतून आले होते, बेडशीटा किती गेल्या त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, मीसुद्धा.

कमिटीने या वर्षी पाणी ओढणारा एक व्हॅक्यूम, लांब वायरीचं एक एक्स्टेन्शन, हातमोजे आणि दोन मोठ्या बादल्या घेतल्या आहेत. सामान मीटर रूमशेजारच्या कपाटात आहे, वरच्या खणात, पाणी चढलं तरी भिजणार नाही असं. चाबी चौकीदाराकडे. वापरलं की वाळवून परत ठेवायचं आणि वहीत सही करायची. प्रश्न असतील तर विचारा, चहा येतोच आहे.